दिवा मंद होण्यास लागणारा वेळ : गिरणगावातील प्रकाशनियंत्रणाविषयी एक टिपण

घरातील विजेच्या तारांतूनच दिव्याला हुकूम पोचवावयाचा, त्यासाठी निराळी तार ओढावयाची नाही, अशी एक व्यवस्था १९७५ च्या सुमारास स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने सिद्ध केली. 'एक्स-टेन' या नावाने ती १९७८ पासून अमेरिकेतील दुकानांत विकली जाऊ लागली. तिच्याविषयी एक जुनी तक्रार आहे. दिवा लावणे किंवा विझवणे एका हुकमात उरकते. पण तो मंद करू गेल्यास दिवा पायरीपायरीने, रेंगाळत, जणू नाखुषीने उतरतो. तक्रार यंत्रज्ञाच्या मेजावरची आहे, हे खरे. इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्यात लक्ष का घालावे, असे कोणी विचारील. प्रस्तुत टिपणाचे उत्तर असे की, दिवा केव्हा मंद व्हावा, तो कोणाच्या हाताने व्हावा आणि त्यास किती वेळ लागावा, हा प्रश्न मुंबईच्या परळ-लालबाग भागात या यंत्राच्या जन्मापूर्वी नव्वद वर्षे मजुरीचा आणि झोपेचा प्रश्न होऊन बसला होता. दिव्याचा इतिहास आपण आजवर उजळण्याचा इतिहास म्हणून लिहीत आलो. मंद होण्याचा इतिहास लिहिला तर तीच साधने निराळे बोलू लागतात.

प्रथम यंत्राची गोष्ट पुरी करू. कारण पुढील विवेचनात तिचा उपयोग आहे. प्रत्यावर्ती विजेचा दाब प्रत्येक फेऱ्यात दोनदा शून्यावर येतो. त्या क्षणी तारेवरील गोंगाट कमी असतो, म्हणून ही व्यवस्था आपला संकेत नेमका त्या क्षणी, सेकंदास १,२०,००० कंपनांच्या एका लहानशा स्पंदनाच्या रूपाने, तारेवर सोडते. स्पंदन आले तर एक अर्थ, न आले तर दुसरा. एका हुकमाला असे अकरा फेरे लागतात : दोन आरंभखुणेसाठी, चार घराच्या खुणाक्षरासाठी, पाच दिव्याच्या क्रमांकासाठी किंवा कृतीसाठी. 'मंद कर' हा हुकूम एका वेळी दिव्याला फक्त एक पायरी उतरवतो. म्हणून तो पुनःपुन्हा पाठवावा लागतो. पूर्ण उजेडापासून अंधारापर्यंत सुमारे वीस पायऱ्या धरल्या, तर हिशेब सोपा आहे. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ फेरे घेते. तेथे वीस पायऱ्यांना सुमारे पावणेचार सेकंद लागतील. आपल्याकडे पन्नास फेरे. त्याच यंत्राला, त्याच दिव्याला, त्याच हुकमांना ४.४ सेकंद लागतील. म्हणजे काहीही बिघडलेले नसताना आपल्याकडचा दिवा एक-पंचमांशाने सावकाश उतरतो. अमेरिकन माहितीपत्रक हाती धरून येथील दिव्याचा दोष शोधू पाहणारा मनुष्य घड्याळाला न विचारताच यंत्राला दोष देत असतो.

अर्थात, विलंब नेहमी इतका निर्दोष नसतो. तो तीन ठिकाणी संभवतो : दिव्यात, हुकमात आणि तारेत. तंतूचा दिवा तापलेल्या तारेमुळे प्रकाश देतो. ती तार निवण्यास काही क्षण लागतात, आणि तंतू जितका जाड तितका तो काळ अधिक. हुकमाचा विलंब वर सांगितला. तिसरा, तारेतील विलंब, मात्र फसवा आहे. संकेत वाटेत क्षीण झाला तर काही पायऱ्यांचे हुकूम गळतात आणि दिवा अडखळत उतरतो. दूरचित्रवाणी संच व संगणक यांच्या विद्युत्पुरवठ्यात जे धारित्र बसवलेले असते, ते हा बारीक संकेत गिळून टाकते. म्हणून परीक्षेची पद्धत अशी : दिवा दिवसभर एकाच गतीने सावकाश उतरत असेल, तर दोष नसून हिशेब आहे, संध्याकाळी सावकाश आणि दुपारी त्वरेने उतरत असेल, तर तारेवर कोण कोण बसले आहे हे पाहावे, आणि एखादे उपकरण तारेवरून काढताच दिवा सुधारत असेल, तर शोध तेथेच संपला. या तिन्ही विलंबांना, दिव्याच्या, हुकमाच्या व तारेच्या विलंबांना, मुंबईत प्रत्येकी निराळा भूतकाळ आहे.

मुंबईतील पहिला खासगी दिवा, ज्याचा उजेड घरधन्याला कमी-अधिक करता येत होता, तो विजेचा नव्हे, वायूचा. आर्देशीर कर्सेटजी वाडिया या जहाजबांधणीतील तज्ज्ञाने १८३४ मध्ये आपला माझगाव येथील बंगला वायूच्या दिव्यांनी उजळवला. रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये आपल्या सभासदत्वाचा मान दिलेले हेच ते गृहस्थ. सार्वजनिक रस्त्यांवर वायूचे दिवे ७ ऑक्टोबर १८६५ रोजी लागले. दिवे लावणारे नोकर एका खांबाकडून दुसऱ्याकडे जात आणि त्यांच्या मागून कुतूहलाने भरलेला जमाव चाले. आज 'स्वयंचलन' या शब्दात ज्या गोष्टी आपण घालतो, त्या सर्व त्या काळी एका माणसाच्या पायांत होत्या. युरोपातील काही शहरांत पुढे हे पायही वाचवले गेले : वायूच्या कारखान्यातच दाब क्षणभर वाढवावयाचा आणि त्या लाटेने दूरच्या खांबावरील झडप उघडावी किंवा मिटावी. ज्या नळातून इंधन जाते त्याच नळातून हुकूमही पाठवण्याची ही युक्ती म्हणजे एक्स-टेनची आजीच म्हणावी लागेल. विजेच्या तारांवरही असाच प्रयोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात रूढ झाला. रस्त्यांवरील दिवे व वीजदरांची घड्याळे मध्यवर्ती केंद्रातून तारेवरच संकेत पाठवून चालवली जाऊ लागली.

वायूच्या दिव्याविषयी एक गोष्ट सहज निसटते. त्याची चावी फिरवली की ज्योत लहान होत असे. विजेचा दिवा आला तेव्हा लोकांना स्वच्छ, धूर नसलेला, वाऱ्याने न विझणारा उजेड मिळाला. परंतु ज्योत लहान करण्याची सोय गेली. दिवा लागे किंवा विझे, मधले काही नाही. विद्युद्दीपाने माणसाच्या हातून जे काढून घेतले, त्यात पहिली वस्तू ही होती, आणि ती परत मिळवण्यास सामान्य घराला साठ-सत्तर वर्षे थांबावे लागले. मुंबईने विजेचा दिवा प्रथम पाहिला १८८२ मध्ये, क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत. त्यासाठी पुढे आलेली ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी लवकरच बुडाली आणि मंडई पुन्हा वायूवर गेली. 'प्रगती'च्या सरळ रेषेवर विश्वास ठेवणाऱ्यांनी ही मंडई अवश्य ध्यानात ठेवावी.

आता गिरण्यांकडे वळू; कारण या विषयाचा गाभा तेथे आहे.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांची सभा भरली. तिच्यात ठरलेल्या मागण्यांचे, ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवण्यात आले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठराविक मुदतीत, अपघातात भरपाई, या मागण्या आपल्या पाठ्यपुस्तकांत आल्या आहेत. कामाच्या वेळेविषयीची मागणी मात्र बारकाईने वाचण्याजोगी आहे : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. आरंभासाठी घड्याळ आणि शेवटासाठी सूर्य! दोन निरनिराळी मापे एकाच वाक्यात का यावीत? माझ्या मते याचे कारण भाबडेपणा नव्हे. सकाळच्या घड्याळाचा विश्वास होता, कारण भोंगा सर्वांना ऐकू येत असे. संध्याकाळच्या घड्याळाचा नव्हता, कारण ते गिरणीच्या भिंतीच्या आत होते. सूर्य मात्र मालकाच्या ताब्यातला नव्हता. मुंबईत डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. म्हणजे सूर्याशी बांधलेले कामही थोडे नव्हते; परंतु त्याला एक हद्द होती, आणि ती हद्द अंधाराची होती. साचाखात्यात संध्याकाळी उजेड मंदावू लागला की सूत तुटलेले दिसेनासे होई, आणि जे दिसत नाही ते काम थांबवावेच लागे. अंधार हा कामगाराचा न नेमलेला प्रतिनिधी होता.

विद्युद्दीपाने हा प्रतिनिधी बडतर्फ केला. १८९० नंतरच्या काळात अनेक गिरण्यांनी विजेचे दिवे बसवले. येथे एक कालक्रम स्पष्ट ठेवला पाहिजे. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली आणि तिचे वाडीबंदर येथील केंद्र त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाले. त्याआधी शहरात सार्वजनिक वीज नव्हती. म्हणून गिरण्यांतील दिवे गिरण्यांच्या स्वतःच्या जनित्रांवर चालत. जेथे हे जनित्र गिरणीच्या इंजिनालाच जोडलेले असे, तेथे दिव्याची कळ आणि कामाची कळ एकच झाली होती. इंजिन मंदावल्यावाचून दिवा मंदावत नसे. साच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताजवळ दिव्याचे बटण असणे ही गोष्ट त्या व्यवस्थेत संभवतच नव्हती.

परिणाम १९०५ मध्ये दिसला. मालाला उठाव होता, स्वदेशीची हवा होती, आणि अनेक गिरण्या दिव्यांच्या उजेडात दिवसाला चौदा-चौदा तास चालू लागल्या. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस कामगारांनी रात्रीच्या कामाविरुद्ध संप केले; दिवेलागणीनंतरही चालू राहणाऱ्या गिरण्यांवर दगडफेक झाली. तो दगड फेकणाऱ्यांस आपण यंत्राचे शत्रू म्हणावे काय? यंत्र त्यांना नवे नव्हते. त्यांचा रोख सूर्यास्तानंतरही न मावळणाऱ्या उजेडावर होता. पुढच्याच जानेवारीत, १९०६ मध्ये, प्रमाणवेळ लागू झाली आणि मुंबईची स्थानिक वेळ एकोणचाळीस मिनिटांनी पुढे ओढली गेली, तेव्हा जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी त्याही बदलाला विरोध केला. घड्याळ पुढे सरकले तरी सूर्य सरकत नाही. जी मिनिटे सकाळी अंधारात जोडली जाणार ती संध्याकाळी परत मिळतील याची हमी कोणी द्यावी? प्रमाणवेळेच्या वादाचा विचार आपण बहुधा नगरपालिकेच्या सभागृहातील स्वाभिमानाच्या अंगाने करतो. दिव्याच्या अंगाने तो करून पाहण्याजोगा आहे.

यानंतर चौकश्या आल्या. १९०६ मध्ये फ्रीअर-स्मिथ यांच्या अध्यक्षतेखाली कापड गिरण्यांची समिती नेमली गेली, आणि पाठोपाठ १९०७-०८ चा कारखाना-मजूर आयोग. या आयोगाचे सभासद, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर, यांनी प्रौढ पुरुषांच्या तासांवर सरळ मर्यादा घालावी असे भिन्नमत नोंदवले. बहुमताला ते मान्य नव्हते. तरीही १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचे काम बारा तासांवर आणले, आणि पाळ्यांची मान्य व्यवस्था नसेल तर पहाटे साडेपाचच्या आधी व संध्याकाळी सातच्या नंतर काम घेऊ नये असे ठरवले. सुपारीबागेत जेथे 'सूर्यास्त' होता, तेथे आता 'सात वाजता' आले. जो विद्युद्दीप अंधाराची हद्द पुसून टाकू शकत होता, त्याला कायद्याने एक कृत्रिम अंधार नेमून दिला. पुढे १९२२, १९३४ आणि १९४८ च्या कायद्यांनी दिवस अनुक्रमे अकरा, दहा व नऊ तासांवर आला. पण त्याच्या जोडीला पाळ्याही वाढल्या, आणि रातपाळीने दिव्याला पुन्हा पूर्ण अधिकार दिला. फरक एवढाच की आता एकाच मनुष्याला तो अखेरपर्यंत सोसावा लागत नसे.

दिवा गिरणीतून घरात केव्हा आला, हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. येथे त्याचा एकच भाग घेतो. टाटांच्या जलविद्युत् योजनेतील वीज खोपोलीहून ८ फेब्रुवारी १९१५ रोजी मुंबईकडे वाहू लागली आणि गिरण्यांची इंजिने हळूहळू त्या विजेकडे वळली. शहराच्या घरगुती पुरवठ्याची कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी नगरपालिकेच्या ताब्यात आली. वीज तीन फेजांची व पन्नास फेऱ्यांची. चाळीतील दिवा या विशाल व्यवस्थेच्या टोकाला लटकत होता. तंतूच्या दिव्याचा एक स्वभाव असा की, विजेचा दाब दहा टक्क्यांनी उतरला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. त्यामुळे रोहित्रापासून दूर असलेल्या, पातळ तारांवर अनेक बिऱ्हाडे पोसणाऱ्या चाळीत संध्याकाळ झाली की दिवा कोणी न सांगता मंद होई. मुंबईच्या घराने मंद दिवा प्रथम ओळखला तो शेजाऱ्यांच्या संध्याकाळीतून. स्वतःच्या इच्छेने तो मंद करणे फार पुढची गोष्ट. तारेतील जो तिसरा विलंब वर सांगितला, त्याचे हे पूर्वरूप होय : आपल्या दिव्याची गती आपल्या तारेवर बसलेले इतर ठरवतात.

आणि तरीही मंद दिव्याची गरज चाळीइतकी कोठेच नव्हती. विकास खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे बांधलेल्या चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गावाकडून आलेली माणसे एकेका खोलीत दाटीने राहत. एक पहिल्या पाळीचा, एक दुसऱ्या, एक रातपाळीचा. एकाची न्याहारी ती दुसऱ्याची झोप. अशा खोलीत पूर्ण उजेड हा अपराध आणि पूर्ण अंधार ही अडचण. या पेचावर लोकांनी जो तोडगा स्वीकारला, त्याची नोंद विद्युत्-अभियांत्रिकीच्या इतिहासात नाही. तो म्हणजे 'झिरोचा बल्ब'. नाव शून्याचे, प्रत्यक्षात तो बारा ते पंधरा वॅट वीज घेई. जुन्या मीटरांना इतका बारीक प्रवाह जाणवत नसे, म्हणून लोकांच्या हिशेबात तो शून्य. एका दिव्याचा उजेड कमी करता येत नाही, तर दुसरा कमी उजेडाचा दिवा लावावा, ही मंदनाची सर्वांत स्वस्त पद्धत. तिच्यात विलंब मुळीच नाही. निळा किंवा लाल झिरो लावून मोठा दिवा विझवण्यास एक क्षण पुरे. (अभियंत्यांनी याकडे तुच्छतेने पाहू नये. आजची महागडी साधने जे करतात त्यातले बरेचसे या एका बटणाने होत असे.) चढउतार करण्याची खरी कळ त्या खोलीत होती ती दिव्यासाठी नव्हे, पंख्यासाठी, मराठी घरात 'रेग्युलेटर' म्हटले की आजही पंखाच आठवतो.

दिवा हळूहळू मंद व्हावा आणि तो विलंब दोष न ठरता गुण ठरावा, अशी जागा गिरणगावात एकच होती : रंगभूमी. सोशल सर्व्हिस लीग ही संस्था ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केली. तिचे परळ येथील दामोदर नाट्यगृह १९२२ मधले. दिवसा साच्यावर उभे राहणारे लोक रात्री तेथे नटही झाले आणि प्रेक्षकही. गिरगावात साहित्य संघाचे नाट्यगृह १९६४ मध्ये आणि दादरला शिवाजी मंदिर १९६५ मध्ये उभे राहिले, तोवर कामगार रंगभूमीचा स्वतःचा रिवाज तयार झाला होता.

हौशी आणि फिरत्या मंडळींकडे महाग साधने नव्हती. त्यांच्या हाताशी मिठाच्या पाण्याचा डिमर होता. चिनी मातीच्या नळात किंवा पिंपात मिठाचे पाणी भरावयाचे, तळाशी एक धातूची पट्टी, वरून दोरीने सोडलेली दुसरी. वीज पाण्यातून दिव्याकडे जाई. वरची पट्टी खाली सोडली की रोध घटे व दिवा उजळे, वर ओढली की मंदावे. हे साधन जितके साधे तितके लहरी. पाणी तापले की त्याचा रोध आपोआप घटतो आणि हात स्थिर असतानाही दिवा थोडा चढतो. मीठ जास्त पडले तर वर ओढलेली पट्टीही दिवा पुरता विझवत नाही. एका दिव्यासाठी जमवलेले पाणी दोन दिव्यांना चालत नाही. उघड्या पाण्यातून मुख्य दाबाची वीज जात असे, हा धोका तर वेगळाच. म्हणजे 'दिवा नीट मंद का होत नाही' या प्रश्नाचा निकाल लावणारा एक तज्ज्ञ वर्ग, एक्स-टेनच्या कितीतरी आधी, पडद्याच्या कडेला पिंपापाशी बसलेला होता. त्याची विद्या ग्रंथात नव्हती. ती हातात, डोळ्यात आणि मिठाच्या चिमटीत होती. प्रवेश कसा संपणार, नटी कोणत्या शब्दावर मान खाली घालणार, हे त्याला पाठ असे. दोरी ओढण्याची गती तो घड्याळावर मोजत नसे, वाक्यावर मोजत असे.

मग आली ती बदलत्या फेऱ्यांची रोहित्रे. मुंबईतील ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक या कंपनीचे 'डिमरस्टॅट' हे व्यापारी नाव आपल्याकडे त्या सर्वच साधनांचे सामान्यनाम होऊन बसले. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आणि नाट्यगृहात एकच शब्द. १९५७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर बनवला, आणि त्या जातीच्या साधनांनी पुढे घरातील भिंतीवर बसेल इतका लहान डिमर शक्य झाला. त्याची रीत निराळी आहे. तो विजेला अडवत नाही. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याचा काही भाग कापून टाकतो, आपल्याकडे सेकंदाला शंभर वेळा. उष्णता वाया जात नाही, पिंप नको, दोरी नको. परंतु ही कापाकापी तारेवर बारीक गोंगाट निर्माण करते, आणि तो गोंगाट नेमका त्याच तारेवरून चाललेल्या संकेतांना बाधतो. एकाने आपला दिवा सुबकपणे मंद करावा आणि त्यामुळे दुसऱ्याचा हुकूम गळावा, अशी ही गंमत आहे. एलईडी दिव्यांनी तीत भर घातली. केंद्र सरकारच्या २०१५ पासूनच्या योजनेने ते दिवे घरोघरी स्वस्तात पोचवले. पण त्यांचा वीजखर्च इतका थोडा की तंतूच्या दिव्यासाठी बनवलेल्या डिमरवर त्यांतले अनेक लुकलुकतात, अर्ध्यावर एकदम विझतात, किंवा उतरतच नाहीत. तंतू निवण्याचा जो नैसर्गिक विलंब मंदावण्याला मृदुता देत असे, तो एलईडीत उरला नाही. म्हणून उत्पादकांना आता तो विलंब हिशेबाने, मुद्दाम, आत घालावा लागतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले हे येथे सांगण्याचे कारण नाही. १९९१ आणि २००१ च्या विकास-नियमांनंतर गिरण्यांच्या जमिनींवर जे मनोरे उठले, त्यांतील महाग घरांत दिवे भ्रमणध्वनीवरून उतरवले जातात. बहुतेक ठिकाणी त्यासाठी बिनतारी किंवा स्वतंत्र तारेची व्यवस्था असते. जेथे हुकूम विजेच्या तारेवरूनच पाठवावयाचा असेल, तेथे परळच्या उंच इमारतीत तेच जुने प्रश्न नव्या वेषात भेटतील. इमारतीला वीज तीन फेजांत येते. एका फेजवर सोडलेला संकेत दुसऱ्या फेजवरील दिव्याला सहजासहजी पोचत नाही, म्हणून दोहोंमध्ये जोड द्यावा लागतो. घराची खुणाक्षरे अवघी सोळा. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने तेच अक्षर निवडले असेल तर त्याच्या हुकमाने आपला दिवा हलू शकतो, आणि आपल्या पायऱ्या त्याच्या पायऱ्यांशी धडकून गळू शकतात. उपाय आहेत : मीटरच्या आतल्या बाजूस गाळणी बसवावी, संकेत गिळणारी उपकरणे ओळखून त्यांना वेगळी गाळणी द्यावी, आणि सर्वांत आधी पन्नास फेऱ्यांचा हिशेब मांडून किती विलंब रास्त आहे ते ठरवावे.

संशोधक विद्यार्थ्यांना या विषयात काम करावयाचे असेल, तर कारखाना-निरीक्षकांचे वार्षिक अहवाल आणि १९२१ पासून निघालेले मुंबईचे 'लेबर गॅझेट' ही साधने ग्रंथालयांतून मिळण्यासारखी आहेत. त्यांत दिव्याविषयीचे उल्लेख 'तास', 'पाळ्या' आणि 'अपघात' या मथळ्यांखाली विखुरलेले सापडतील, 'प्रकाश' या मथळ्याखाली क्वचितच. रंगभूमीची साधने मात्र ग्रंथालयात नाहीत. कोणत्या वाक्यावर कोणता दिवा किती मोजेपर्यंत उतरवावयाचा, याची टिपणे प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यांच्या वह्यांत, पुष्कळदा नाटकाच्या संहितेच्या समासात, पेन्सिलीने केलेली असत. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये बंद झाले. तेथे पिंपापाशी आणि डिमरपाशी बसलेल्या पिढीतील जे लोक लालबाग, परळ किंवा निवृत्तीनंतर कोकणातील आपल्या गावी आहेत, त्यांच्याकडच्या त्या वह्या पाहून, त्यांच्याकडूनच वाचून घेण्याचे काम येत्या एक-दोन वर्षांतच हाती घेतले पाहिजे.